दादाकडे खाल्लेलं

६ जानेवारी

काल नागपूरहून परतलो. शहराच्या वेशीवरचा तिलवाऱ्याचा पूल येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. पुलावर श्रीपादने तोंड उघडलं, तेही "चहा घ्यायचा का?" एवढ्यासाठी.

झालं ते लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून निघेल. दादाचं यकृत फार दिवस साथ देणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दारूचा थेंब न घेतलेला माझा भाऊ. पोटावर चरबी चढत गेली, तीच यकृतात उतरली आणि वर्षानुवर्षं कुणाला कळलं नाही. आता घरच्या कुणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर तो वाचेल. नंदावहिनीचा रक्तगट जुळत नाही. त्यांच्या स्वानंदीला अठरा पूर्ण व्हायची आहेत. राहिले मी. माझा रक्तगट जुळतो, वय पंचेचाळीस, बाकी सगळं ठीक. मी तर मनातल्या मनात शाळेच्या रजेचा अर्जही लिहून ठेवला होता.

तर डॉक्टर म्हणाले, तुमच्याही यकृतात चरबी आहे. भावाच्याच रस्त्यावर आहात, थोड्या मागे इतकंच. असं यकृत आम्ही घेत नाही. तीन महिन्यांत उतरवा, पुन्हा स्कॅन करू. औषध विचारलं तर म्हणाले, कमी खा आणि चाला.

तनय झाल्यापासून हे पोट मी साडीच्या निऱ्यांखाली लपवत आले. आता माझ्या भावाचा जीव त्यावर अडून बसला आहे. चिडावं तरी कुणावर?

८ जानेवारी

आहारतज्ज्ञ एकताकडे जाऊन आले. अधारतालच्या मेन रोडवर औषधांच्या दुकानावर तिची खोली आहे. पोरगी काडीसारखी. मला "दीदी" म्हणते आणि माझ्या आवडीच्या एकेका पदार्थाचं नाव घेऊन मान हलवते. साखर बंद, मैदा बंद, रात्री भात बंद. जे ताट समोर येईल त्याचा खाण्याआधी फोटो काढून तिला पाठवायचा. रोज चालायचं. "दीदी, इतना तेज़ कि गाना न गा सको." मी एरवीही गात नाही.

चालायचं कुठे, याचा विचार केला. शाळा सुटली की दादाच्या घरापर्यंत जायचं, तलावाच्या पलीकडे. वहिनी कृषी विद्यापीठातून संध्याकाळी येते, स्वानंदी कोचिंगला. तोपर्यंत तो एकटाच असतो. व्यायामही होईल आणि त्याच्याजवळ बसणंही.

श्रीपाद म्हणाला, सकाळी मी पण येतो तुझ्यासोबत फिरायला. बायकोचं यकृत कापणार म्हटल्यावर त्याने काढलेला हा एवढाच शब्द.

१२ जानेवारी

वजनाचा काटा जागचा हलला नाही. उकडलेली लौकी, म्हणजे आपला दुधी, खाऊन आणि रात्रीचा भात सोडूनही नाही. नवीन सेल टाकून पाहिले, तरी नाही.

दादाकडे पोचले तेव्हा धाप लागली होती. तो वाटच पाहत होता. पाय सुजलेले, ते स्टुलावर ठेवलेले. म्हणाला, "हात धुऊन ये," जणू मी शाळेचं दप्तर टाकून आले आहे. टेबलावर खोव्याची जलेबी, गरम. फोनवरून मागवली होती.

"दादा, मला चालत नाही."

"मला तर मीठ पण चालत नाही. नंदा गिळगिळीत खिचडी देऊन राहिली रोज. निदान तुला खाताना पाहू दे गं, सुखे. तेवढंच माझ्या तोंडात गेल्यासारखं वाटते."

दोन खाल्ल्या. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता, लहान मूल पाहतं तसा.

आणि दादाकडे खाल्लेलं कुठे मोजायचं असतं? आई होती तेव्हाही हेच. माहेरी कितीही खाल्लं तरी घरी येऊन पुन्हा पान मांडायचं, "जेवून आले" म्हणायचं नाही. माहेरचं खाणं पोटात जात नाही, असंच आम्ही धरून चालतो.

१७ जानेवारी

आज चतुर्थी. उपास म्हणजे डाएटला सुट्टी, असं समजून निवांत होते. रात्री एकताचा फोन. "दीदी, आज एक भी फोटो नहीं?" म्हटलं, आज व्रत है. तिने विचारलं, व्रत में क्या लिया? सांगितलं: सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी दाण्याचा लाडू, बटाट्याचा कीस, संध्याकाळी थोडं रताळं तुपावर. पलीकडे ती पुटपुटत बेरीज करत होती.

"दीदी," ती म्हणाली, "आप ने आज सबसे ज़्यादा खाया है."

उपासाचा फोटो काढायचं मला सुचलंच नव्हतं. उपास तो उपास. तिने चांगलं अर्धा तास समजावलं. आता देवाशीही भांडण काढायचं बाकी आहे.

२४ जानेवारी

अर्धा किलो वाढलं! वाढलं! सकाळी श्रीपादबरोबर, दुपारनंतर दादाकडे, दोन वेळा चालते आणि वाढलं.

दादाला सांगितलं तर तो हसला. चक्क मोकळेपणाने, खूप दिवसांनी. "नाही उतरत का? अरेरे." आणि कचोरीची बशी पुढे सरकवली. आजारपणात माणूस कशाने खूश होईल सांगता येत नाही. माझ्या वजनाने का होईना, हसला. त्याला हसताना पाहून मीही एक खाल्ली.

३ फेब्रुवारी

श्रीपाद बारीक झाला. मी नाही, तो. माझ्याबरोबर सकाळी फिरतो, बाकी काहीच बदललेलं नाही. खमरियाला त्याच्या फॅक्टरीच्या कँटीनमध्ये समोसेही खातो. त्याच्या पँटला आता बेल्ट लागतो. तनय म्हणतो, "मम्मी, पापा का पेट भी आपने ले लिया क्या?" मराठीत तरी टोमणा मार म्हटलं. तर त्याने प्रयत्न केला, "तुमी पप्पाचा पेट घेतली," आणि बापलेक दोघंही हसत सुटले. मी उठून आत गेले. मला हसू येत नाही. ज्याला गरज नाही त्याचं उतरतं.

दारात येऊन श्रीपाद म्हणाला, "सुखदा, उद्यापासून तलावाच्या त्या चढावर जाऊ. मी येतो ना." मी दार लावून घेतलं. वाईट वागले.

११ फेब्रुवारी

चार दिवस दादा दवाखान्यात होता. पोटात पाणी झालं होतं, काढावं लागलं. काल घरी आणला. चेहरा पिवळा, मनगटाची हाडं वर आलेली, आणि तरी मी गेले तेव्हा टेबलावर रबडी होती.

"तनयची बारावीची परीक्षा कधी?"

"याच महिन्यात सुरू."

"अन् तो कॉलेजला गेला की पहिली दोन-तीन वर्षं तुम्हालाच पाहावं लागेल त्याचं."

"हो ना. काहून?"

"काही नाही." मग जरा वेळाने म्हणाला, "ऑपरेशनमध्ये एखादी दगावते म्हणे."

"कोण?"

"देणारी."

"दादा, तू मोबाइल पाहणं बंद कर."

"बंद करतो. खा तू. मलाई वरची घे."

त्याला माझी काळजी, मला त्याची. अशा वेळी वाटी परत सारायला मन होत नाही. इतका आजारी माणूस स्वतःचं विसरून माझ्यासाठी मागवतो, आणि मी काय कॅलरी सांगत बसू?

१९ फेब्रुवारी

मधला स्कॅन इथेच केला आणि नागपूरला पाठवला. काहीच फरक नाही. उलट किंचित जास्त. डॉक्टर फोनवर फार सभ्यपणे बोलले, म्हणून जास्त लागलं. मृत दात्याचं यकृत मिळण्याच्या यादीत दादाचं नाव घालून ठेवू म्हणाले, पण भावाची तब्येत पाहता थांबायला किती वेळ आहे सांगता येत नाही.

दादाच्या घरी होतो, फोन स्पीकरवर होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. फोन संपल्यावर माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. बाई येऊन घासून गेली होती तरी.

दादा म्हणाला, "चलो, ठीक आहे. प्रयत्न केला ना तू." आणि मला चक्क थोपटलं.

एकताला सगळे फोटो पुन्हा दाखवले. ती म्हणते, "दीदी, ये तो बहुत बढ़िया थाली है. फिर जा कहाँ रहा है?" मला तरी कुठे कळतंय? घरात दोन पोळ्यांवर उठते. शाळेत कुणाचा वाढदिवस असला तर वर्गात जाऊन बसते. माझं शरीर माझं ऐकत नाही, बस.

२४ फेब्रुवारी



आज वहिनी लवकर घरी आली. डोकं दुखत होतं म्हणे. दादा आणि मी समोरासमोर. त्याच्यापुढे अळणी खिचडी, माझ्यापुढे जलेबी आणि शेव. वहिनी दारातच थांबली, डोक्यावर हेल्मेट तसंच.

"हे किती दिवसांपासून चालू आहे?"

दादा म्हणाला, "बहीण घरी येते तर काय पाणी पाजून पाठवू?"

"मी विचारून राहिले, किती दिवसांपासून?"

तो खिचडी ढवळायला लागला. मी म्हटलं, "अगं वहिनी, थोडंसंच. त्याच्या समाधानासाठी." ती माझ्याकडे न पाहता पुढे आली, माझ्या हातातली बशी घेतली, म्हणजे ओढलीच, आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. माझ्या बोटांना पाक तसाच. दादाकडे पाहून म्हणाली, "तुम्ही असं करू शकता? माझ्याशी?" आणि खोलीत जाऊन दार लावलं.

लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हा मी विशीतली होते. इतक्या वर्षांत तिने मला कधी रिकाम्या तोंडाने जाऊ दिलं नाही. आणि आज तोंडचा घास! माहेरी! आई असती तर? रस्ताभर रडत आले. तलावाच्या बाजूने कुणी ओळखीचं भेटलं नाही, हेच नशीब. मी यकृत द्यायला निघाले आणि हिला चार जलेब्या जड झाल्या.

श्रीपादला सांगितलं. त्याने हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाला, "तू रोज खात होतीस तिथे?" मी म्हटलं, प्रश्न तो नाहीये.

आता त्या घराची पायरी चढणार नाही.

२ मार्च

गेले नाही. दादाचे फोन आले, उचलले नाहीत. त्याऐवजी श्रीपादच्या त्या चढावर जाते, दोन्ही वेळा. गुडघे बोलतात. राग आला की चढ लवकर संपतो.

६ मार्च

एकताकडे काट्यावर उभी राहिले. दोन किलो कमी. तिने मला उतरवून पुन्हा चढवलं. तेच.

"दीदी! इस बार क्या अलग किया?"

"कुछ नहीं. बस भाई के घर नहीं गई."

बोलून गेले आणि मग तिथेच, काट्यावर उभ्या उभ्या, मला माझंच वाक्य ऐकू आलं. तिलाही ऐकू आलं असावं. तिने हळूच विचारलं, "भाई के घर क्या होता है, दीदी?"

खाली उतरले आणि चपला घातल्या.

७ मार्च

शाळेतून थेट दादाकडे गेले. टेबलावर बशी नव्हती. टीव्ही लावून बसला होता.

"रुसली होती का गं?"

"दादा, हे तू जाणूनबुजून करून राहिला होतास ना?"

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. मी रिमोट काढून घेतला.

"काय जाणूनबुजून?"

"जलेबी, कचोरी, रबडी."

"पाहुणचार आहे तो."

"दादा."

तो स्टुलावरच्या पायांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तर काय करू? चिरतील तुला, सुखे. व्हिडिओ पाहिला मी. इथून इथपर्यंत." त्याने बनियनवरून बोट फिरवलं. "तुझं पोरगं बारावीत. तुझं काही झालं तर श्रीपादजींना काय सांगू, तुमची बायको वापरून टाकली? नको म्हटलं असतं तर तू ऐकलं असतं?"

"नसतं."

"मग? खाऊ घातलं. खायला तू कधी नाही म्हणत नाहीस."

मला इतका संताप आला की रिमोट सोफ्यावर आपटला. त्यातले सेल निघून सोफ्याखाली गेले. मी म्हटलं, "अरे, तुझ्या यकृताचं असं कशाने झालं? ह्यानेच ना! मला वाचवून राहिलास म्हणतोस आणि माझं तेच करून राहिलास. उद्या मी अशी सुजलेले पाय घेऊन बसेन, तेव्हा मला कोण देईल? तनय?"

त्याचं तोंड उघडंच राहिलं. दादा हुशार माणूस, बँकेत लोक त्याचा सल्ला घ्यायला यायचे. पण हे त्याच्या मनात आलंच नव्हतं, ते स्पष्ट दिसलं. "हे नाही सुचलं गं मला," एवढंच म्हणाला आणि डोळ्यांवर हात ठेवला.

मी त्याच्यापाशी बसले. सेल शोधायला कुणी उठलं नाही.

घरी येताना मात्र माझा राग दादावर टिकेना. त्याने वाढलं, कबूल. पण मी त्या बशीचा एकदाही फोटो काढला नाही. फोन पर्समध्येच असायचा. मला भूक होती की भीती होती? स्कॅन वाईट आला त्या दिवशी रडले खरी, पण त्या रात्री झोप कशी लागली होती, गाढ. हे श्रीपादला सांगता येणार नाही. इथे लिहिते.

८ मार्च

वहिनी आली. दारातच म्हणाली, "सुखदाताई, मी तेव्हा..."

"आत तर ये."

बसली. पाणीही घेईना. "ऐकून घे. मी तुला काय सांगणार होते? कमी खा म्हणून? माझ्या नवऱ्यासाठी तू स्वतःला कापून द्यायला बसली आहेस, अन् मी तुझं ताट मोजू? लोक म्हणाले असते, नणंदेच्या तोंडचा घास काढते."

"तो तर तू काढलाच."

ती दचकली, मग हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. म्हणाली, "एक वेळ वाटते, त्यांचंच खरं आहे. तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? अन् दुसऱ्या क्षणी वाटते, सुखदाने लवकर बारीक व्हावं. मी अशी आहे, ताई."

मीही काही फार वेगळी नाही, असं म्हणायचं होतं. चहाच केला, बिनसाखरेचा. दोघींनी तोंड वाकडं करून प्यायला.

१४ मार्च

होळी. अख्खा मोहल्ला गुजिया, म्हणजे आपल्या करंज्या, घेऊन दारात. "दीदी, एक तो लेना पड़ेगा, होली है." आजवर मी ओशाळून घ्यायचे. आज गेटवर उभी राहून सगळ्यांना सांगितलं, भाई को लिवर देना है, नहीं खाऊँगी. लोक एकदम असे मागे सरतात की बस. शेजारच्या गीताबाई तर गुजियाचा डबा पदराआड करून परत गेल्या. मग मलाच त्यांचं वाईट वाटलं. सण संपवला मी गल्लीचा.

२९ मार्च

काटा पुन्हा अडला. तीन आठवडे भराभर उतरला आणि आता पाच दिवस जागचा हलत नाही. एकता म्हणते, "होता है, दीदी. रुकिए मत." दादा फोनवर ओरडतो, "काय खाल्लं आज? फोटो पाठव मला पण!" हा नवीनच ताप. आता दोन ठिकाणी फोटो. काल वाटीतल्या डाळीवर तूप चमकलं, तर लगेच त्याचा मेसेज: "हे काय आहे???" मी लिहिलं, ट्यूबलाइट आहे.

त्याचा आवाज मात्र खोल गेला आहे. दोन वाक्यांनंतर थांबतो. मी चढ तिसऱ्यांदा चढायला लागले. श्रीपाद येतोच, अर्धं पाऊल मागे. आज वर पोचल्यावर विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "म्हणून तर येतो ना रोज."

१२ एप्रिल

स्कॅन. चालेल.

डॉक्टर म्हणाले, "चालेल." दुसरं काही ऐकूच आलं नाही, वहिनीने माझा हात इतका घट्ट दाबला. पोट अजून आहेच म्हणा. आरशात फार फरक नाही. आतलं उतरलं म्हणे. बाहेर पडल्यावर मला उलटी झाली. आता कारण काही उरलं नाही. आता खरोखरच द्यायचं आहे.

२१ एप्रिल, नागपूर

आज समितीपुढे मुलाखत झाली. देणारा स्वतःच्या मर्जीने देतो की नाही, हे तपासतात. कॅमेरा लावलेला. टेबलापलीकडे तिघं, मधल्या बाई डॉक्टर, चष्मा नाकावर. अलीकडे मी, श्रीपाद, आणि चाकाच्या खुर्चीत दादा.

नातं विचारलं, धोका समजला का विचारलं. मग बाईंनी विचारलं, "या निर्णयात तुमच्यावर घरच्या कुणाचा दबाव आहे?"

"आहे," मी म्हटलं.

श्रीपादने माझ्याकडे झटकन पाहिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"कुणाचा?"

"यांचा." मी दादाकडे बोट दाखवलं. "दीड महिना. मी देऊ नये म्हणून. जलेबी खाऊ घालून."

तिघं एकमेकांकडे पाहायला लागले. बाईंनी दादाला विचारलं, "खरं आहे हे?"

"खरं आहे."

"आणि आता?"

"आता ती ऐकत नाही, मॅडम," दादा म्हणाला. "लहानपणापासून ऐकत नाही."

बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग "स्वेच्छेने" असं लिहून कागद पुढे सरकवला. मी सही केली, अक्षर जरा वाकडं आलं. श्रीपादने केली. दादाने पेन हातात घेतलं, आणि नुसता धरून बसला. कागदाकडे पाही, माझ्याकडे पाही. कॅमेरा चालू, तिघं थांबलेले, दारात पुढचे लोक उभे.

शेवटी मी ओरडलेच, "दादा, कर ना आता!"